मस्त माल

हसनमामूला अरबीचा एकच शब्द येत होता, आणि तोही चुकीचा. पण त्या एका चुकीच्या शब्दावर त्याने सहा महिने सरहद्द पार केली, दर खेपेला कोरं करकरीत सामान घेऊन, एक पैसा जकात न भरता. मी स्टोअरकीपर. बारा कागद, चार सह्या आणि दोन शिक्के असल्याशिवाय मी खिळ्यांचा पुडाही हलवत नसे. आणि हा गडी एका शब्दावर! आजही आठवलं की मला एकट्याला हसू फुटतं आणि घरातले माझ्याकडे संशयाने बघतात.

साठचं दशक सरत आलं होतं तेव्हाची गोष्ट. आज ज्याला यूएई म्हणतात ते तेव्हा नव्हतंच. अबुधाबी वेगळं, दुबई वेगळं. पैसे वेगळे, दर वेगळे, मधे सरहद्द आणि सरहद्दीवर चौकी. मी मुरुडचा पोरगा, अबुधाबीत एका बांधकाम कंपनीच्या स्टोअरवर चिकटलो होतो. मामू दाभोळच्या खाडीकाठचा. माझा सख्खा तर सोडाच, दूरचाही मामू नव्हता. पण कॅम्पात कोकणातले आम्ही जे पाचपंचवीस जण होतो त्या सगळ्यांचा तो मामू. आमच्या बाजूच्या लोकांना मासळी कळत नाही असं त्याचं ठाम मत होतं आणि ते तो रोज जेवताना मला ऐकवायचा.

गावाकडे त्याला हसन मिस्त्री म्हणत. दारं, खिडक्या, पाळणे, गलबतांच्या फळ्या, काय वाट्टेल ते करणारा माणूस. पण बोटीचं भाडं जमेना तेव्हा त्याने हत्यारांची अख्खी पेटी विकली आणि एक हातोडा कमरेला लावून इकडे आला. कंपनीचा नियम असा, की स्वतःची पुरी पेटी असेल तो मिस्त्री. नसेल तो हेल्पर. फोरमनसाहेबाने त्याला हेल्परमध्ये टाकलं. तीन गावांत ज्याचं नाव, तो इथे दुसऱ्यांसाठी फळ्या धरून उभा. महिन्याला मामीचं पत्र यायचं, पाकिटावर वळणदार मराठीत ‘हसन मिस्त्री’ लिहिलेलं. मामू ते पाकीट नाव आत जाईल असं दुमडायचा आणि मग खिशात घालायचा.  मला ते बघवत नसे.

फोरमनने यादी टाइप करून दिली होती: हातोडा, दोन पटाश्या, गुण्या, कानस, गिरमिट, करवत, रंधा. हातोडा होता. उरली सात हत्यारं. ईद-ए-मिलादनंतर कंपनीच्या नव्या गेस्टहाउसच्या चाळीस दारांचं काम निघणार होतं आणि ते फक्त पुरी पेटीवाल्यांना मिळणार होतं. अबुधाबीत हत्यारांचं दुकान एकच, आणि त्या दुकानदाराला ते पक्कं ठाऊक होतं. जी पटाशी तो एका दिनारला, म्हणजे दहा रियालला द्यायचा तीच दुबईत देऱ्याच्या बाजारात सहा रियालला, म्हणजे जवळजवळ निम्म्यात. मी महिन्यातून एकदा कंपनीच्या लॉरीने सामान आणायला दुबईला जायचोच. मामू म्हणाला, मीपण येतो. दर महिन्याला एक हत्यार, सात महिन्यांत पेटी पुरी. मी म्हटलं, मामू, सरहद्दीवर नव्या मालाला जकात आहे, तुझी बचत तिथेच जाईल. तो म्हणाला, ते तिथे गेल्यावर बघू.

तिथे गेल्यावर जे झालं ते असं. चौकी म्हणजे एक बुटकी खोली, बाहेर दोन पिंपं आणि मधे बांधलेला दोरखंड. तिथला अंमलदार अबू सईद, दाढी छातीपर्यंत, कपाळावर कायम आठी. त्याने कंपनीच्या सामानाचे कागद बघितले, मग मामूच्या हातातली पटाशी उचलली, तिचं धारदार पातं उन्हात धरलं आणि विचारलं, “मुस्तअमल?”

मामूचा चेहरा एकदम उजळला. परदेशात, वाळवंटात, एका अरबाने त्याची पटाशी हातात घेऊन चक्क आपल्या भाषेत तिची तारीफ केली होती! “हां साहेब,” तो मान डोलावत म्हणाला, “मस्त माल. एक नंबर मस्त माल!”

अबू सईदने पटाशी परत दिली आणि दोरखंड सोडला. जकात नाही, पावती नाही, काही नाही. पुढचे दोन तास मामू लॉरीत एकच गोष्ट सांगत होता: ह्याला म्हणतात कदर. आपल्याकडचे जकातवाले बघ, माल बघतात आणि हात पुढे करतात. हा माणूस माल ओळखतो आणि सोडून देतो. मीही भारावून गेलो होतो, खोटं कशाला सांगू.

आमचा ड्रायव्हर जुम्मा बलुची होता, अरबी चांगलं बोलायचा, पण वाटभर तोंड उघडलं नाही पठ्ठ्याने. अबुधाबीत पोचल्यावर लॉरी बंद केली, स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि खांदे हलेपर्यंत हसला. मग त्याने आम्हाला सांगितलं की मुस्तअमल म्हणजे वापरलेलं. अंमलदार विचारत होता, हे हत्यार वापरातलं आहे का? कारण जकात नव्या मालाला. कारागिराच्या स्वतःच्या वापरातल्या हत्याराला नाही.

मी हसून हसून खाली बसलो. मामू मात्र हसला नाही. त्याचा चेहरा पडला. म्हणजे मी त्या माणसाला तोंडावर खोटं सांगितलं, असं तो पुटपुटला. मी म्हटलं, अरे, तुला कुठे ठाऊक होतं? तो म्हणाला, तेव्हा नव्हतं, पुढच्या महिन्यात असेल ना. दोन दिवस त्याने ती पटाशी पेटीत ठेवली नाही, उशाशी ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या स्टोअरवर आला आणि एक सागाची फळी मागितली, टाकाऊ चालेल म्हणाला. कशाला, विचारलं तर म्हणाला, “मला खोटं बोलायचं नाही. माल वापरून मगच नेऊ.”

तिथून पुढे दर महिन्याला आमची लॉरी चौकीच्या अर्धा मैल अलीकडे, जबल अलीच्या पुढे, समुद्राकडच्या एका टेकाडाआड थांबायची. मामू उतरायचा, फळी वाळूवर आडवी टाकायचा, दोन्ही पायांच्या अंगठ्यांत धरायचा आणि नव्या हत्याराचं काम सुरू. गुण्या आणला तेव्हा फळीवर काटकोनात रेघा मारल्या. कानस आणली तेव्हा फळीची कड गोल केली. गिरमिटाच्या महिन्यात अकरा भोकं पाडली, कारण एका भोकाने हत्यार वापरलं असं म्हणता येत नाही म्हणे. मी हातातलं जुनं घड्याळ दाखवून ओरडतोय, जुम्मा गाडीच्या सावलीत झोपलाय, आणि हा उघड्या माळरानावर सुतारकाम करतोय. ना दार, ना खिडकी, नुसतं काम. मग हत्यार फुंकून, पुसून, भुसा थोडासा मुद्दाम पात्यावर ठेवून चौकीवर जायचं. अबू सईद विचारायचा, मुस्तअमल? मामू छाती पुढे काढून म्हणायचा, मस्त माल. शब्द त्याने शेवटपर्यंत सुधारला नाही. म्हणायचा, दोन्ही अर्थ खरे आहेत, मग बदलू कशाला?

बचतीचं म्हणाल तर ती एक वेगळीच मजा होती. दुबईत सौदा झाला की मामू तिथेच फुटपाथवर उभा राहून मोठ्याने हिशेब करायचा: दिनारचे रियाल, रियालचे रुपये, त्यात आपल्या सरकारने रुपयाचा भाव पाडलेला, तो फरक वेगळा. शेवटी जो आकडा यायचा त्याने तो इतका खूश व्हायचा की ती बचत साजरी करायला आम्हा तिघांना खाडीकाठच्या हॉटेलात सुरमई खाऊ घालायचा. जेवून उठेपर्यंत बचत संपलेली असायची. मी एकदा हे त्याच्या लक्षात आणून दिलं. मामूने माझ्याकडे फार दयेने बघितलं. म्हणाला, अबुधाबीत घेतलं असतं तर पटाशी मिळाली असती, सुरमई मिळाली असती का?

माझी तो फार टिंगल करायचा. मी लग्नासाठी घेतलेलं घड्याळ डबीत ठेवलं होतं, नवा शर्ट घडीत, ट्रान्झिस्टर खोक्यात. सुट्टीवर जाईन तेव्हा काढीन, असं आपलं माझं. मामू म्हणायचा, “तू ठेवणारा, मी वापरणारा. नवं असेपर्यंत वस्तू दुकानदाराची असते रे बाबा. वापरली की आपली.” मी त्याला स्टोअरकीपरचं काम समजावून सांगायचो, तो ऐकून घ्यायचा आणि माझी खोक्यातली बॅटरी काढून रात्री संडासला घेऊन जायचा.

असं करत सहा हत्यारं पेटीत आली. राहिला रंधा. ईद-ए-मिलाद झाली होती आणि शनिवारी सकाळी फोरमन पेट्या तपासणार होता. गुरुवारी आम्ही निघालो, या खेपेला मामूने हत्यारांची पत्र्याची पेटीही बरोबर घेतली. मामूने आणलेले सगळे पैसे एका विलायती लोखंडी रंध्यावर घातले. तेलकट कागदात गुंडाळलेला, पातं आरशासारखं, मूठ तुकतुकीत. त्या दिवशी सुरमई नाही, हिशेबही नाही. शुक्रवारी परतताना तो रंधा मांडीवर घेऊन बसला होता, झोपलेलं पोर घेऊन बसतात तसा.

आणि जबल अली ओलांडल्यावर लॉरी रुतली. तेव्हा रस्ता नव्हताच. ओल्या खाऱ्या जमिनीवरून चाकोऱ्या गेलेल्या. ती जमीन वरून सुकलेली दिसायची आणि चाक आत घेऊन बसायची. आम्ही उकरलं, ढकललं, पोती घातली. चाक नुसतं जागच्या जागी फिरत होतं. गाडीत पाइप होते, सिमेंट होतं, आणि लाकूड म्हणावं अशी एकच वस्तू होती. मामूने स्वतःच ती काढली. सहा महिन्यांत घासून, कापून, भोकं पाडून निम्मी झालेली ती फळी त्याने चाकाखाली सारली. गाडी बाहेर आली. फळीचे तुकडे झाले आणि चिखलात गेले.

टेकाडाआड आम्ही सवयीने थांबलो आणि एकमेकांकडे बघत बसलो. रंधा मारायला लाकूडच नाही! लॉरीची मागची बाजू पत्र्याची. आजूबाजूला नजर जाईल तिथवर वाळू, एक झुडूपसुद्धा नाही. मी म्हटलं, मामू, आजच्या दिवस म्हण मस्त माल, तो काही बघत नाही. खिशात जकातीपुरते पैसे तुझ्याकडे नाहीत, माझ्याकडे नाहीत. रंधा चौकीत अडकला तर उद्या तू हेल्पर तो हेल्परच. मामूने रंध्याचा तेलकट कागद नीट गुंडाळला. मग मला विचारलं, नव्याला अरबीत काय म्हणतात? मी सांगितलं, जदीद. पुढचा अर्धा मैल तो ते एकटं एकटं घोकत होता. 

अबू सईद बाहेर आला तोच दोन्ही हातांनी दार ओढत, आणि ते त्याच्या मागे धाडकन लागलं. ते दार कुठल्या तरी मोडक्या गलबताच्या सागवानी फळ्यांचं होतं आणि उन्हाळ्यातल्या दमट हवेने फुगून चौकटीत घट्ट बसलं होतं. त्याने रंधा बघितला आणि नेहमीप्रमाणे, उत्तर ठाऊक असल्यासारखं विचारलं, मुस्तअमल?

मामूने रंधा दोन्ही हातांनी पुढे धरला. “जदीद,” तो म्हणाला.

जुम्माने कपाळाला हात लावला. अबू सईदने आळीपाळीने आम्हा तिघांकडे बघितलं. सहा महिन्यांत त्याने हा शब्द आमच्याकडून ऐकला नव्हता. त्याने जकातीचा आकडा सांगितला. मामूने खिसे उलटे करून दाखवले. मग अंमलदार पावतीपुस्तक आणायला वळला, आणि दार उघडेना. त्याने ढकललं, लाथ घातली, पुन्हा ढकललं. दार करकरलं, पण हललं नाही.

मी मामूच्या हातांकडे बघत होतो. ते शिवशिवत होते. सहा महिने तो ते दार बघत आला होता. त्याने अंमलदाराला हळूच बाजूला केलं, पेटीतली पटाशी घालून दार मोकळं केलं, बिजागरीतून उचलून घेतलं, वाळूवर आडवं टाकलं आणि दोन्ही पायांनी धरून बसला. कोणाला काही विचारलं नाही. तेलकट कागद फेकला, पातं डोळ्यांसमोर धरून बसवलं आणि रंधा चालवला. सहा महिने हेल्पर म्हणून फळ्या धरलेल्या त्या माणसाच्या हाताखालून सागाच्या कागदासारख्या पातळ ढलप्या गोल गोल होऊन बाहेर पडायला लागल्या. काय हात चालत होता! मी त्याला खरं काम करताना पहिल्यांदाच बघत होतो. माझे डोळे भरून आले, आणि जुम्मा वाह वाह करत होता.

दार परत लावलं. अबू सईदने एका बोटाने ढकललं, ते गेलं. एका बोटाने ओढलं, आलं. असं त्याने पाचसहा वेळा केलं, लहान मुलासारखं. मग त्याने मामूच्या हातातून रंधा घेतला, त्याच्या तोंडात अडकलेली ढलपी बघितली आणि आठी घातलेल्या चेहऱ्यानेच म्हणाला, “मुस्तअमल.”

“हां साहेब,” मामू म्हणाला. “मस्त माल.”

त्यावर तो माणूस जो हसला! आम्हाला आत नेलं, चहा ठेवला, आणि चूल पेटवायला एक डबा उघडला. डब्यात लाकडाचा भुसा आणि बारीक ढलप्या होत्या. जुम्माच्या मार्फत त्याने सांगितलं, दर महिन्याला वारा टेकाडामागून हे आणून टाकतो. ह्या वाळवंटात झाड नाही, मग भुसा कुठून येतो, म्हणून एकदा तो तिथे जाऊन बघून आला होता. एक माणूस वाळूत बसून नुसत्या फळीला भोकं पाडतोय. पहिल्यांदा त्याला वाटलं ऊन लागलंय. मग समजलं की हा माणूस खोटं बोलायचं टाळतोय. निघताना त्याने रंध्याची जकात सांगितली: दर उन्हाळ्यात दार फुगलं की येऊन तासून जायचं.

शनिवारी फोरमनने पेटी तपासली, आठही हत्यारं यादीवर खुणा करत मोजली आणि पुस्तकात हेल्पर खोडून मिस्त्री लिहिलं. चाळीस दारांपैकी सव्वीस मामूने केली. त्या आठवड्यात मामीचं पत्र आलं तेव्हा त्याने पाकीट दुमडलं नाही. शर्टाच्या खिशात नाव बाहेर दिसेल असं ठेवलं आणि दिवसभर तसाच हिंडला, ते घामाने भिजून शाई पसरेपर्यंत.

दोन उन्हाळे त्याने चौकीचं दार तासलं. मग मामीची तब्येत बिघडली आणि तो कायमचा परत निघाला. दुबईच्या खाडीवर बोट लागली होती. त्याने पेटी उघडली, रंधा काढला आणि माझ्या हातात दिला. मी म्हटलं, वेडा की काय, ह्याच्यासाठी एवढं केलंस. तो म्हणाला, “हा माझा नाही रे. त्याची जकात फिटायची आहे. दार फुगलं की जाऊन ये. पातं मी लावून ठेवलंय, स्क्रूला हात लावू नकोस.” नंतर मिठी मारून माझ्या शर्टाला डोळे पुसले. शर्ट नवा होता, मी त्या दिवशी मुद्दाम घडी मोडून घातला होता.

महिन्याभराने पत्र आलं. मुंबईच्या बंदरात कस्टमवाल्याने विचारलं, दुबईहून काय आणलं? मामू सवयीने बोलून गेला, मस्त माल. झालं! दोन तास पेटी उलटीपालटी केली, तळ ठोकून बघितला, गादी उसवली. शेवटी सात जुनी हत्यारं बघून तो साहेब चिडला की दुबईहून लोक सोनं आणतात, तू हे काय आणलंस? पत्रात खाली लिहिलं होतं, त्या बिचाऱ्याला अरबी येत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात मी रंधा घेऊन चौकीवर गेलो. दार फुगलेलं होतं. अबू सईदने माझ्या मागे बघितलं, लॉरीत बघितलं, मिस्त्री कुठे विचारलं. मी सांगितलं, गावी गेला, खलास, आता येणार नाही.  मग त्याने मला दाराला हात लावू दिला नाही. राहू दे म्हणाला. पुढे लवकरच सगळी राज्यं एक झाली, सरहद्द गेली, चौकी गेली. तोवर ते दार खांद्यानेच उघडत होतं. मामूही गेला; त्याच्या मुलाचं पत्र आलं, तेव्हा मी सुट्टी टाकली आणि दिवसभर खोलीत बसून राहिलो.

रंधा मी ठेवला. अर्थात ठेवला, मी दुसरं काय करणार! तेल लावून, फडक्यात गुंडाळून, पन्नास वर्षं. आता मी मुलाकडे असतो, दुबईत, डिस्कव्हरी गार्डन्समध्ये. जिथे मामू टेकाडाआड बसायचा ती जागा इथून मोटारीने थोड्याच वेळाची, पण कोणती ते मला ओळखता येत नाही. गेल्या ऑगस्टमध्ये बाथरूमचं दार फुगलं. सून म्हणाली, मेंटेनन्सवाला दीडशे दिरहम घेईल, म्हणजे साडेतीन हजार रुपये. मी कपाटातून फडकं काढलं. दार उतरवायला नातू मदतीला आला. मी आयुष्यात कधी रंधा चालवला नव्हता. गुडघे दुखतात, तरी खाली बसलो, पायांनी दार धरलं आणि रंधा पुढे ढकलला.

पहिल्याच हाताला ढलपी निघाली. पातळ, अखंड, गोल झालेली. माझा हात कसला, मामूने बोटीवर चढण्याआधी लावलेलं पातं होतं ते, मी स्क्रूला हात लावला नव्हता. मी ती ढलपी तळहातावर घेऊन बसलो आणि मला रडू आवरेना.

नातू घाबरला. मग विषय बदलावा म्हणून त्याने रंधा उचलला, चकाकतं पातं बघितलं आणि विचारलं, “दादा, इज इट न्यू?”

“नाही बेटा,” मी म्हटलं. “आजपासून मस्त माल.”